अँबॅसडर, आठशे आणि माझा एक खुलासा

मामा गेले हे मला कळलं तेव्हा मी एका सरकारी खिडकीसमोर रांगेत उभी होते, आणि उभी होते ती त्यांच्याच गाडीच्या कामासाठी. माझ्यापुढे एकच माणूस राहिला होता, मागच्याची फाईल पाठीत टोचत होती. फोन वाजला. पलीकडून मामी म्हणाली, "रेवा, घरी ये. हे गेले." बस, एवढंच. मी फोन कानाला तसाच धरून उभी, आणि नेमका तेव्हाच माझा नंबर लागला. खिडकीतल्या बाबूजींनी माझ्या हातातला कागद ओढून घेतला, वरपासून खालपर्यंत पाहिला आणि विचारलं, "वाहन स्वामी कहाँ हैं? दोनों पक्ष साथ में आइए." मी म्हणाले, "वो नहीं आ सकते." "तो जब आ सकें, तब आइए." आणि कागद परत. त्या माणसाला काही माहीत नव्हतं, त्याच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी आजवरच्या सगळ्या मोर्च्यांत मिळून आला नसेल एवढा संताप त्या एका वाक्याचा आला. आणि त्याहून जास्त स्वतःचा आला. कारण तो कागद मी दोन महिने आधी नेऊन देऊ शकत होते. दिला असता तर मामा वाचले असते असं मुळीच नाही, त्यांचं हृदय त्या सकाळी थांबायचं ते थांबलंच असतं. पण त्यांचं एक काम झालेलं बघून गेले असते…

मामा म्हणजे वसंत मुळमुले, माझ्या आईचे थोरले भाऊ. मुक्काम गढा, जबलपूर. उभी नोकरी लष्करी गाड्यांच्या कारखान्यात, आणि त्यातली बहुतेक वर्षं तपासणी विभागात. मूलबाळ नाही. घरात मामा, मामी आणि पत्र्याच्या शेडखाली दोन गाड्या. साठच्या दशकातली राखाडी अँबॅसडर आणि ऐंशीच्या दशकातली लाल मारुती आठशे. ते गेल्यावर पंधरा दिवसांनी इथल्या मराठी मंडळींनी शोकसभा घेतली. सात जण बोलले आणि सातही जण अँबॅसडरवर बोलले. "मुळमुले साहेबांची गाडी म्हणजे शहराची शान." "आमच्या लग्नाची वरात त्याच गाडीतून निघाली." एक गृहस्थ तर मोठा फोटो मढवून घेऊन आले होते. मामांचा नव्हे, गाडीचा! हार कशाला घालायचा यावर दोन मिनिटं चर्चा झाली. लाल आठशेचं नाव एकानंही काढलं नाही. मामी पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाली, "मला तर वाटून राहिलं होतं, मी कोणा दुसऱ्याच्याच सभेला जाऊन आली." म्हणून हा लेख. अँबॅसडरबद्दल वाचायचं असेल त्यांनी त्या सात जणांना भेटावं. मला त्या दोन्ही गाड्यांबद्दल लिहायचं आहे, आणि त्यातल्या एकीला मी काय केलं त्याबद्दल.

अँबॅसडर माझ्या आजोबांची. आजोबा वकील, गढ्यात चारचाकी असलेली घरं तेव्हा बोटांवर मोजण्याएवढी. एका बदली झालेल्या अधिकाऱ्याकडून त्यांनी ती घेतली. गिअरची दांडी स्टिअरिंगच्या गळ्यात, पुढची सीट म्हणजे एक अख्खा बाक, दार लावलं की तिजोरी लागल्यासारखा आवाज. मामी लग्न होऊन आली ती याच गाडीतून, मागच्या सीटवर मामांच्या दोन आत्यांच्या मध्ये, मांडीवर पितळी डबा. पुढे ड्रायव्हर, आजोबा आणि मामा. त्यानंतर चौदा-पंधरा वर्षं मामीची जागा तीच राहिली, मागे आणि मध्ये. खिडकी आत्यांची, पुढचा बाक पुरुषांचा. मामा नेहमी म्हणत की ही गाडी मागे बसणाऱ्यासाठी बनवलेली आहे. पुढचा माणूस मजूर, मागचा साहेब. स्टिअरिंग वळवायला खांद्यात जोर हवा, ब्रेकवर उभं राहावं लागतं, पण मागे बसलेल्याच्या हातातल्या कपातला चहा हिंदकळत नाही. ते हे कौतुकानं सांगत. मामी भाजी निवडता निवडता म्हणे, "मागे बसली ती मी, आणि साहेब झाले दुसरेच."

आठशे आली तेव्हा आजोबा हयात होते. मामांनी नाव नोंदवून ठेवलं होतं, बरीच वाट पाहिल्यावर नंबर लागला. आजोबांनी छतावर टिचकी मारली आणि निकाल दिला, "वसंता, हा बिस्किटाचा डबा आहे." मामांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते पहाटे फिरायला म्हणून मामीला त्या डब्यात बसवून कारखान्याच्या वसाहतीतल्या रिकाम्या रस्त्यांवर नेऊ लागले. घरात सांगितलं, हिच्या गुडघ्यांना हवा मानवते. मामी तेव्हा चाळिशीला टेकलेली, उंची जेमतेम पावणेपाच फूट. तिला गाडी शिकवायला मामांना सहा महिने लागले, त्यातले दोन महिने नुसता क्लच सोडण्यात गेले. मग एका सकाळी आजोबांना दवाखान्यात न्यायचं होतं, अँबॅसडर नेहमीप्रमाणे थंडीत चालू होईना, मामा ड्यूटीवर. मामीनं किल्ली घेतली, सासऱ्यांना शेजारी बसवलं आणि नेऊन आणलं. घरी उतरताना आजोबा म्हणाले, "सूनबाई, वळणावर भोंगा वाजवत जा." मामी अजून ते वाक्य जसंच्या तसं, त्यांच्या आवाजात म्हणून दाखवते. घरात त्यानंतर कोणी डबा म्हटलं नाही. मामी मात्र म्हणते. "त्या गाडीत मी सून होती. डब्यात ड्रायव्हर झाली."

मामांचा एक नेम होता. एका रविवारी ही गाडी, पुढच्या रविवारी ती, पण रस्ता तोच. शहपुऱ्याच्या वाटेवर ठरलेल्या चहाच्या टपरीपर्यंत आणि परत. रस्ता तोच ठेवल्याशिवाय तुलना करता येत नाही, म्हणत. टपरीवर पोचले की बॉनेट उघडून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ऐकत राहायचे, डॉक्टर छाती ऐकतो तसे. मग खिशातल्या कागदावर दोष लिहायचे. चांगलं काही लिहायचे नाहीत, फक्त दोष. मी लहानपणी विचारलं होतं, मामा, गाडी चांगली चालली असं काहून नाही लिहीत? तर म्हणाले, "चांगली चालली हे गाडीला माहीत असते, बेटा. काय बिघडलं ते सांगायला माणूस लागते." कारखान्यात त्यांची ख्यातीच होती की मुळमुले साहेबांच्या हाताखालून गाडी निर्दोष म्हणून कधीच सुटत नाही. पास होऊन सुटते, पण सोबत यादी घेऊन. डाव्या आरशाला अमुक इतका ढिलेपणा, चालेल. मागच्या कडीला इतकी झीज, चालेल. खाली सही. जे चालेल तेही लिहायचं, कारण पुढच्या माणसाला ते कळायला हवं. त्यांच्या नोकरीची सगळी नीती या "चालेल, पण लिहिलेलं असावं" मध्ये होती. मला ती तेव्हा गमतीची वाटायची.

आता माझ्याबद्दल. मी गेली पाच-सहा वर्षं या शहरात चालणाऱ्यांसाठी फुटपाथ, गावांना बस आणि सगळ्यांना श्वास घेता येईल अशी हवा मागणाऱ्या एका छोट्या गटात आहे. लिहायला मी पत्रकांवरच शिकले. पत्रकाचा नियम सोपा असतो. पहिल्या ओळीत शत्रू दिसला पाहिजे आणि फोटो असा हवा की वाचता न येणाऱ्यालाही राग यावा. मागच्या थंडीत आम्ही जुन्या गाड्यांच्या धुरावर पत्रक काढायचं ठरवलं. मी मामांकडे राहायला गेलेली होते, सकाळी साडेसातला मामी तिच्या बहिणीकडे निघाली होती, आणि फाटकात उभ्या लाल आठशेच्या मागून पांढरा लोट निघत होता. असा लोट की मागची तुळस दिसेना! मी मोबाईल काढला. फोटो अप्रतिम आला. त्याखाली मी लिहिलं, "ही गाडी नाही, ही चालती चिमणी आहे. पंधरा वर्षांवरचं प्रत्येक वाहन भंगारात काढा." दोन हजार प्रती छापल्या, चौकाचौकात वाटल्या आणि एक निवेदन तयार करून, त्याला हे पत्रक जोडून, गाड्यांची नोंदणी करणाऱ्या कार्यालयात देऊन आलो. फोटोत गाडीचा नंबर स्वच्छ दिसत होता. माझ्या लक्षात आलं नाही. खरं सांगायचं तर मी बघितलंच नाही.

मामांनी पत्रक चष्मा लावून दोनदा वाचलं. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "व्याकरण बरोबर आहे. बाकी चूक आहे." मग मला शेडमध्ये नेलं. "तू फोटो काढला त्याला धूर नाही म्हणत. वाफ आहे ती, वाफ. थंडीत इंजिन सुरू केलं की निघते. तुझ्या तोंडातूनही निघून राहिली होती, तिचा काहून नाही काढला फोटो?" मी म्हणाले, मामा, मुद्दा तत्त्वाचा आहे. ते म्हणाले, "असेल. आधी रुमाल दे." माझा पांढरा रुमाल त्यांनी अँबॅसडरच्या धुराड्याला धरला आणि मामीला हाक मारून ती चालू करायला लावली. तिसऱ्या प्रयत्नात ती चालू झाली, खोकली, आणि रुमालावर काजळीचं मोठं वर्तुळ उमटलं. मग त्याच रुमालाचा दुसरा कोपरा आठशेच्या धुराड्याला. दोन मिनिटं इंजिन चालवून रुमाल माझ्यासमोर धरला. ओलसर, किंचित पिवळट, बस. "आता सांग पत्रकवाली, फोटो कोणाचा पाहिजे होता?" मामी दारातून म्हणाली, "अहो, तिचा रुमाल खराब केला तो केला, आता धुऊन द्या." मामा हसले नाहीत. म्हणाले, "खुलासा काढ. जेवढ्या प्रती काढल्या तेवढ्या काढ." मी त्यांना समजावलं की चळवळीत असा खुलासा काढला की लोक हसतात, मूळ मुद्दाही बुडतो. जुन्या गाड्या धूर करतात हे खोटं आहे का? "खोटं नाही," ते म्हणाले. "पण तू ह्या गाडीचं नाव घेतलं ना. सगळ्यांबद्दल खरं आहे म्हणून हिच्याबद्दल खोटं लिहिलं तर चालते काय?" मी तेव्हा जे उत्तर दिलं ते इथे लिहायला लाज वाटते. मी म्हणाले, "मामा, एका डब्यासाठी किती बोलता…"

पुढच्या महिन्यात आठशेच्या नोंदणीची मुदत संपत होती. दर पाच वर्षांनी ती गाडी दाखवून पुढची पाच वर्षं घ्यावी लागतात, मामा आजवर न चुकता घेत आले होते. या वेळी गाडी तपासायला नेण्याच्या आधीच नोटीस आली. या क्रमांकाच्या वाहनाविरुद्ध जनतेची लेखी तक्रार प्राप्त आहे, स्वामीने स्पष्टीकरण द्यावे. जनता म्हणजे मी. आमच्या निवेदनावर काय करायचं ते कोणाला सुचलं नसावं, पण फोटोत नंबर दिसला आणि सुटका झाली. सगळ्या शहराच्या हवेबद्दलचं निवेदन एका लाल गाडीविरुद्धची तक्रार म्हणून नोंदवलं गेलं. बस मागितली होती, फुटपाथ मागितला होता, त्याचं काही झालं नाही. कारवाई झाली ती माझ्या मामीच्या गाडीवर! आणि मामांनी स्पष्टीकरण काय दिलं? दुसरा कोणी असता तर "गाडी उत्तम आहे" असं दोन ओळींत लिहून मोकळा झाला असता. मामांनी तीन दिवस बसून गाडीच्या दोषांची यादी केली. हिंदीत, सुवाच्य अक्षरात, मापांसकट. उजवा वायपर काचेला पूर्ण टेकत नाही. मागच्या डाव्या दाराच्या खाली गंज, इतक्या लांबीचा. हॉर्न ओल्या दिवसांत एका सुरात वाजत नाही. खाली, या सर्व बाबी चालण्याजोग्या आहेत, धुराची तपासणी करून घ्यावी, आणि सही. खिडकीतल्या बाबूजींनी पहिलं पान पाहिलं आणि म्हणाले, "दादा, आप तो खुद ही लिख रहे हैं कि गाड़ी खराब है." शेरा पडला, स्वामीने दोष स्वतः मान्य केले आहेत, नूतनीकरण नामंजूर. गाडी कोणी बघितलीच नाही. ती बाहेर झाडाखाली उभी होती.

त्याच सुमारास अँबॅसडरचे कागद मात्र हसत हसत झाले. पन्नास वर्षं ओलांडलेली, मूळ इंजिनाची, म्हणून ती आता वारसा. फोटो निघाले, एका साहेबांनी स्टिअरिंगवर हात ठेवून काढून घेतला. मामांनी तिच्याही दोषांची यादी जोडली होती, ती तर जास्तच लांब. त्यावर साहेब म्हणाले, "वाह, कितने शौक़ीन आदमी हैं." जी रुमाल काळा करते, थंडीत चालू होत नाही, डावीकडे ओढते, ती शान. जी दर मंगळवारी आणि शुक्रवारी एका म्हातारीला दुसऱ्या म्हातारीकडे पोचवते, ती भंगार. मामा शेडमध्ये दोघींच्या मध्ये स्टूल टाकून बसलेले होते तेव्हा म्हणाले, "हिला सगळे माफ करतात, कारण ही म्हातारी आहे. तिला कोणी करत नाही, कारण ती नुसती जुनी आहे." याच्यावर मी पत्रक लिहायला हवं होतं. या एका वाक्यावर. लिहिलं नाही, कारण ते लिहिलं असतं तर आधीचं खोडावं लागलं असतं.

मंगळवार-शुक्रवारचं सांगायला हवं. मामीची मोठी बहीण शहपुऱ्याला असते, अंथरुणाला खिळलेली. घरचे आहेत, करतात सगळं. पण मामी आठवड्यातून दोनदा जाऊन तिला न्हाऊ घालते, केसांना तेल लावते, वेणी घालते. वेणी दुसऱ्या कोणी घातलेली त्या बाईंना चालत नाही. नोंदणी संपली आणि आठशे शेडमध्ये बसली. अँबॅसडर मामीला झेपत नाही, पाय पोचले तर हात थकतात. मामा नेऊ शकले असते, पण मोतीबिंदूनंतर डॉक्टरांनी त्यांना लांब गाडी चालवायला मनाई केली होती. मग मामी निघायची, आधी ऑटो, मग बस. शहपुऱ्याची बस भरल्याशिवाय हलत नाही, आणि हलली की कुठेही थांबते. सकाळी साडेसातला निघालेली मामी बहिणीकडे दुपारी पोचायची, तोवर पाणी गार झालेलं असायचं. दोन महिने हे चाललं. उपाय सोपा होता. मी तक्रार मागे घ्यायची आणि मामांनी यादीशिवाय नवा अर्ज करायचा. मी म्हणायची, मामा, यादी काढा. ते म्हणायचे, "यादीत खोटं काय आहे? तू तक्रार मागे घे." मी म्हणायची, पत्रकात तत्त्वतः खोटं काय आहे? मंगळवारी सकाळी आमचं हे चाललेलं असताना मामी पिशवीत तेलाची बाटली ठेवून चप्पल घालायची. एकदा दारात थांबून म्हणाली, "चलो, तुम्ही दोघं खरं बोलत बसा. मी ऑटो पकडते."

यानंतरही मी तीन आठवडे घालवले. हे मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाहीये, माझी यादी मीच जोडते आहे. गटातल्या मित्रांना काय वाटेल, पत्रक वाटलेल्या चौकात लोक काय म्हणतील, कार्यालयातले लोक कसे हसतील, याचा मी विचार करत होते. शेवटच्या रविवारी गेले तेव्हा मामा शेडमध्ये आठशेचं बॉनेट उघडून स्क्रूड्रायव्हर कानाला लावून बसले होते. गाडी कुठे जाणार नव्हती, तरी. मी मागे उभी राहिले. त्यांनी मूठ माझ्या कानाला लावली. आत तीन सिलिंडर शिलाई मशीनसारखे टकटकत होते, एका लयीत. "ऐकू येऊन राहिलं?" "हो." "काय?" "काही नाही, मामा. नीट चालू आहे." ते म्हणाले, "मग तेच लिहून दे ना." मी त्या संध्याकाळी तक्रार मागे घेत असल्याचा कागद लिहिला. मंगळवारी घेऊन गेले, रांगेत उभी राहिले, आणि पुढचं वर सांगितलं आहे. कागद लिहिला हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. झालं की सांगू, असं ठरवलं होतं…

त्यानंतरचा महिना मी आयुष्यात कधी घालवला नव्हता इतका निरर्थक घालवला. गाडी मामीच्या नावावर करायची तर आधी ती पास हवी. पास करायची तर मालक हवा. मालक गेले, त्याचा दाखला हवा. दाखला मिळाला तर तक्रार प्रलंबित. तक्रार मागे घ्यायची तर दोन्ही पक्ष समोर हवेत. मी प्रत्येक खिडकीवर भांडले. एका खिडकीवर मला सांगितलं गेलं की मृत व्यक्तीने लेखी द्यावं लागेल, आणि सांगणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. शेवटी तक्रार मागे घेतली गेली ती मामीनं वारस म्हणून आणि मी तक्रारदार म्हणून एकाच बाकावर बसून सह्या केल्यावर. बाबूजींनी विचारलं, "आप दोनों में समझौता हो गया?" मामी म्हणाली, "भैया, भानजी है मेरी, समझौता क्या करना. कान पकड़ के लाई हूँ."

आणि मी खुलासा काढला. दोन हजार प्रती, त्याच चौकांत. "मागील पत्रकातील गाडी धूर सोडत नव्हती. ती वाफ होती. लिहिणारीने तपासून पाहिलं नव्हतं. गाडीचं वय बघून नव्हे, धूर मोजून निर्णय घ्या, मग ती गाडी कोणाचीही असो आणि कितीही शान असो. आणि शहपुऱ्याला वेळेवर बस द्या." गटातला एक मित्र म्हणाला, "हे वाचून कोणाला राग येईल?" मी म्हणाले, मला येतो. लोक हसले का? दोन-चार हसले. बाकीच्यांनी आधीच्या पत्रकासारखंच हेही घडी करून वाटाणे ठेवायला घेतलं. ज्या हसण्याच्या भीतीनं मी एका माणसाला दोन महिने थांबवलं, ते एवढंच होतं.

मागच्या सोमवारी गाडी तपासणीला नेली. नवा अर्ज मी भरला आणि मामांची यादी बाजूला काढून ठेवली. मामीनं ती उचलून परत जोडली. मी म्हणाले, मामी, याच्यामुळेच नामंजूर झालं होतं ना! "झालं असेल. त्यांनी जोडलेली मी काढू काय? लाव टाचणी." आवारात एक तरुण निरीक्षक आला. हा खिडकीतला नव्हे, प्रत्यक्ष गाडी बघणारा. त्यानं धूर मोजला, आकडा पाहून नळी काढून पुन्हा लावली, पुन्हा मोजला. ठीक होता. मग दार उघडून वाकला आणि थांबला. क्लच आणि ब्रेक, दोन्ही पेडलांवर लाकडाचे ठोकळे बोल्टांनी कसलेले होते. "ये क्या है? ये तो निकालना पड़ेगा." मी त्या गाडीत लहानपणापासून बसते आहे. मी ते ठोकळे कधी पाहिले नव्हते. मामीकडे बघितलं तर ती म्हणाली, "मग काय! माझे पाय पोचतात काय तिथवर?" निरीक्षकानं मानेनं नकार दिला आणि कागद उलटायला लागला. दुसऱ्या पानावर त्याचं बोट थांबलं. मी आजवर ती यादी पहिल्या पानापुढे वाचली नव्हती, बाबूजींनीही नाही. सोळाव्या क्रमांकावर मामांच्या अक्षरात होतं, "क्लच और ब्रेक पेडल पर सागौन की गुटकी, मोटाई पौन इंच, दो-दो बोल्ट से कसी हुई. पत्नी के क़द के हिसाब से. दोष नहीं है. न हटाई जाए."

म्हणून ते यादी काढत नव्हते. आणि मी त्यांना तत्त्वनिष्ठ, हट्टी, कारखान्याच्या सवयीचा म्हातारा समजत होते. एका शब्दानं सांगितलं असतं तर… पण त्यांना सांगायची गरज का वाटावी? लिहून ठेवलं होतं. वाचायचं काम माझं होतं.

निरीक्षकानं ठोकळे हातानं ओढून पाहिले, पट्टी लावून मापले. पाऊण इंच. "अम्मा जी, बैठकर दबाइए." मामी बसली, दाबलं. "कारखाने में थे क्या?" "होते," मामी मराठीतच म्हणाली. त्यानं सही केली. गाडी अजून तिच्या नावावर व्हायची आहे, ती फाईल दुसऱ्या मजल्यावर आहे आणि दुसऱ्या मजल्यावरचे साहेब रजेवर आहेत, पण पाच वर्षं मिळाली.

शुक्रवारी मी तिच्याबरोबर शहपुऱ्याला गेले. मामी अनवाणी गाडी चालवते, चप्पल सीटखाली सरकवून. मी सगळा वेळ खाली बघत होते. डाव्या ठोकळ्याच्या मधोमध सागाचा रंग गेलेला आहे आणि तिच्या चवड्याएवढी गुळगुळीत खोलगट जागा झाली आहे. उजव्यावर तितकी नाही, म्हणजे तो त्यांनी मध्ये कधीतरी बदललेला असणार. केव्हा, ते मला माहीत नाही. विचारायला हवं होतं असं आणखी किती काय राहिलं असेल…

"पायाकडे काय पाहून राहिली गं मघापासून?" मामी म्हणाली. "समोर बघ, म्हैस येऊन राहिली."

तिनं ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली.